दीड लाख कॅमेरे आणि एक चावी

मार्च २०२१. कोविडमुळे क्लाउडफ्लेअर या अमेरिकी इंटरनेट कंपनीची काही ऑफिसं कित्येक महिने बंदच होती. माणसं घरून काम करत होती. प्रवेशद्वारावरचे आणि आतल्या मुख्य वाटांवरचे कॅमेरे तेवढे चालू होते. रिकाम्या ऑफिसात बघण्यासारखं काय असणार? तरी ८ आणि ९ मार्चला ते कोणीतरी बघत होतं. बघणारं माणूस ना क्लाउडफ्लेअरचं होतं, ना तिच्या कुठल्या सिक्युरिटी एजन्सीचं.

त्याच लॉगिनमधून फ्लोरिडातलं हॅलिफॅक्स हेल्थ हे हॉस्पिटल दिसत होतं. तिथे आठ कर्मचारी एका माणसाला धरून बेडवर दाबून ठेवत होते. अलाबामातल्या मॅडिसन काउंटी जेलचे ३३० कॅमेरे दिसत होते, त्यातले काही हवेच्या झरोक्यात आणि थर्मोस्टॅटमध्ये लपवलेले. टेस्लाच्या नावावरचे २२२ कॅमेरे होते. २०१२ च्या गोळीबारानंतर जगभर नाव पोचलेली सँडी हूक शाळासुद्धा त्या यादीत होती. सगळे मिळून जवळजवळ दीड लाख कॅमेरे, आणि या सगळ्या गिऱ्हाइकांमध्ये समान गोष्ट एकच: कॅमेरे पुरवणारी कंपनी. तिचं नाव व्हर्काडा.

हे प्रकरण सायबर सुरक्षेच्या वर्गात शिकवलं जातं, ते योग्यच. पण मी ते गेटवर उभ्या असलेल्या माणसाच्या बाजूने मांडणार आहे. कारण मुळात हा कॅमेरे, दारं, कार्ड आणि गार्ड सांभाळणाऱ्या खात्याचा प्रश्न होता. त्या खात्याने नवीन तंत्रज्ञान घेतलं, मनापासून घेतलं, आणि घेताना एक जुनी सवय मागे ठेवून आलं.

आधी हे तंत्रज्ञान घेतलं का, ते समजून घेऊ. व्हर्काडा २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू झाली. संस्थापकांपैकी तिघे स्टॅनफर्डचे, चौथे हान्स रॉबर्टसन, ज्यांनी आधी मेराकी ही नेटवर्कची कंपनी उभी केली होती. मेराकीने वायफाय राउटर इंटरनेटवरून एकाच जागेवरून सांभाळायची सोय केली, तेच यांनी कॅमेऱ्याचं केलं. ज्याने कंट्रोल रूममध्ये महिनाभर तरी काढला आहे, त्याला यातलं आकर्षण समजावून सांगावं लागत नाही. जुन्या पद्धतीत प्रत्येक जागी चित्रण साठवणारा एक डीव्हीआर किंवा एनव्हीआर असतो, बहुतेकदा जिन्याखालच्या कपाटात किंवा यूपीएसच्या खोलीत. हार्ड डिस्क बंद पडते, कोणाला कळत नाही. चोरी होते, पोलीस फुटेज मागतात, आणि मग उघड होतं की रेकॉर्डिंग तीन आठवड्यांपूर्वीच थांबलंय. देखभालीचं कंत्राट घेतलेल्या एएमसीवाल्याला फोन केला की तो ‘उद्या इंजिनिअर पाठवतो’ म्हणतो. चाळीस शाखा असलेल्या कंपनीचा सिक्युरिटी हेड चाळीस डीव्हीआरचे चाळीस पासवर्ड एका एक्सेल शीटमध्ये ठेवतो, आणि ती शीट किती जणांच्या मेलमध्ये फिरते ते त्यालाही ठाऊक नसतं.

व्हर्काडाने हे कपाटच काढून टाकलं. चित्रण कॅमेऱ्याच्या स्वतःच्या साठवणीत राहतं, आणि बघायचं ते ब्राउझरमधून, ‘कमांड’ नावाच्या एकाच पडद्यावर. शांघायची शाखा असो की टेक्सासची, लॉगिन एक. सॉफ्टवेअर आपोआप अद्ययावत होतं. कॅमेरा बंद पडला तर कळतं. ‘लाल शर्ट घातलेला माणूस’ असं शोधता येतं, चेहऱ्यावरून शोधता येतं. दर कॅमेऱ्यामागे परवान्याचे पैसे भरायचे, बाकी डोकेदुखी नाही. जानेवारी २०२० मध्ये गुंतवणूकदारांनी या कंपनीची किंमत १.६ अब्ज डॉलर धरली. २०२१ पर्यंत तिची गिऱ्हाइकं सहा हजारांच्या आसपास होती.

खरं सांगायचं तर त्या जागी मी असतो तर मीही घेतलं असतं.

आता गोची कुठे आहे ते पाहा. हजारो गिऱ्हाइकांचे कॅमेरे एका जागेवरून चालवायचे, तर त्यांची देखभालही एका जागेवरून व्हायला हवी. एकेका कॅमेऱ्यापाशी इंजिनिअर पाठवायचा नाही, हाच तर विकायचा माल. म्हणजे कंपनीच्या आत कुठेतरी असं एक यंत्र हवं, जे सगळ्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या कॅमेऱ्यांत शिरून ठोक काम करू शकेल. व्हर्काडाच्या सपोर्ट टीमकडे असा एक सर्व्हर होता. त्यावर जेन्किन्स चालायचं. तीच ती कामं ठरलेल्या क्रमाने आपोआप करून घेण्यासाठी सॉफ्टवेअरवाले जे साधन सर्रास वापरतात, तेच हे. सर्व्हरची मांडणी चुकलेली होती आणि तो बाहेरून, इंटरनेटवरून, गाठता येत होता. ७ मार्चला हल्लेखोर त्यात शिरले. तिथे त्यांना लॉगिनची जी डिजिटल ओळखपत्रं मिळाली, त्यांच्या जोरावर परवानग्यांची सगळी तपासणी ओलांडता आली, दोन टप्प्यांची पडताळणीसुद्धा. हातात आलं ते ‘सुपर ॲडमिन’ खातं. कॅमेऱ्यावर थेट आज्ञा चालवण्याचं साधनही त्यातच होतं. म्हणजे बघण्यापलीकडे जाऊन कॅमेऱ्याच्या आतून गिऱ्हाइकाच्या नेटवर्ककडे सरकण्याची वाट तत्त्वतः उघडी होती. त्या वाटेने कोणी गेल्याचा पुरावा मिळाला नाही, असं कंपनीने नंतरच्या तपासानंतर सांगितलं.

आपल्या भाषेत सांगायचं तर मास्टर की. कुठल्याही हॉटेलात, कुठल्याही मोठ्या ऑफिसात मास्टर की असतेच. ती असण्यात गैर काही नाही. पण ती चावी-बोर्डावर कुलपात असते, घेताना रजिस्टरमध्ये नाव, वेळ, कारण, सही. परत करताना पुन्हा सही. शिफ्ट बदलताना चाव्या मोजून घेतात. रात्रीच्या सुपरवायझरने मास्टर की खिशात घालून घरी नेली, तर सकाळी काय होतं ते या धंद्यातल्या कोणालाही विचारा.

व्हर्काडात ही चावी किती जणांकडे होती? हल्ला उघड झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेने कंपनीच्या आजी-माजी कर्मचाऱ्यांशी बोलून बातमी दिली. त्यांच्या सांगण्याप्रमाणे शंभराहून जास्त कर्मचाऱ्यांकडे सुपर ॲडमिनचे अधिकार होते, आणि त्यात इंटर्नही होते. गिऱ्हाइकाच्या कॅमेऱ्यात शिरताना कारण लिहायचा रकाना होता. पण त्या नोंदी कोणी तपासत नसे, आणि कारणाच्या जागी एक मोकळी जागा, नुसता स्पेस दाबला तरी पुढे जाता येई, असं एका माजी कर्मचाऱ्याने सांगितलं.

हे वाचताना मला आपल्या गेटवरचं व्हिजिटर रजिस्टर आठवलं. नाव, मोबाइल नंबर, कोणाला भेटायचं, आणि ‘भेटीचे कारण’. त्या रकान्यात वरपासून खालपर्यंत काय लिहिलेलं असतं? ‘काम’. ‘काम’. ‘काम’. एखादा उत्साही ‘पर्सनल काम’ लिहितो. आपण गार्डला रागावतो की बाबा रे, नीट लिहून घे. पण गार्डच्या मागे सुपरवायझर असतो, ऑडिट असतं, कधीतरी कोणीतरी ते पान उलटतं. कॅमेऱ्यांच्या बाबतीत पान उलटायचं कोणी, हे ठरलंच नव्हतं. गिऱ्हाइकाला वाटायचं व्हर्काडा बघत असेल. व्हर्काडा स्वतःच आत जात होती.

ब्लूमबर्गचा पत्रकार हल्लेखोरांशी बोलला आणि मग त्याने व्हर्काडाला विचारणा केली. त्यानंतर हल्लेखोरांचा मार्ग बंद झाला. तारीख ९ मार्च. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, एफटीसीने, पुढे तक्रारीत मांडलं की हल्लेखोरांनी स्वतःच माध्यमांना सांगेपर्यंत कंपनीला आत कोणी शिरलंय याचा पत्ता नव्हता. दोन दिवस. हल्लेखोर खंडणी मागणारे नव्हते, त्यांना कॅमेऱ्यांचं हे जाळं किती पसरलंय आणि किती सहज फुटतं ते दाखवायचं होतं. नाहीतर हे दोन दिवस दोन वर्षं झाले असते. त्यांच्यातली स्वित्झर्लंडमधली जी व्यक्ती उघडपणे बोलली, तिच्यावर त्याच महिन्यात सिॲटलमध्ये आरोपपत्र दाखल झालं, आधीच्या वेगवेगळ्या हॅकिंगच्या आरोपांवरून.

कंपनीच्या हिशेबाने प्रत्यक्ष चित्रण किंवा फोटो पाहिले गेले ते ९७ गिऱ्हाइकांचे, दोन टक्क्यांहून कमी. दीड लाख आणि ९७ या दोन आकड्यांवर नंतर बरीच ओढाताण झाली. मला त्यात फारसा अर्थ वाटत नाही. मास्टर की चोरीला गेली आणि चोराने फक्त तीन खोल्या उघडल्या, म्हणून हॉटेलवाला बाकीच्या खोल्यांची कुलपं तशीच ठेवत नाही.

आधी खुणा दिसल्या नव्हत्या का? दिसल्या होत्या, आणि त्यातली एक तर बातम्यांत आली होती. २०१९ मध्ये व्हर्काडाच्याच ऑफिसात काही पुरुष कर्मचाऱ्यांनी कंपनीचे कॅमेरे आणि चेहरा ओळखण्याची सोय वापरून सहकारी महिलांचे फोटो काढले आणि स्लॅक या ऑफिसच्या चॅट ॲपवरच्या एका खासगी चॅनेलवर अश्लील शेऱ्यांसकट टाकले. उघडकीला आल्यावर त्यांना पर्याय दिला गेला: नोकरी सोडा किंवा शेअर्सचा वाटा कमी करून घ्या. ऑक्टोबर २०२० मध्ये हे बाहेर फुटलं, गदारोळ झाला, मग तिघांना काढलं. हल्ल्याच्या पाच महिने आधीची ही गोष्ट. गार्ड पुरवणाऱ्या एजन्सीच्या माणसांनी स्वतःच्याच ऑफिसात असं केलं असतं, तर कुठल्या कंपनीने पुढच्या महिन्याचं बिल पास केलं असतं? एजन्सीच्या गार्डचं पोलीस व्हेरिफिकेशन मागतो आपण. त्यासाठी खासगी सुरक्षा एजन्सींवर नियंत्रण ठेवणारा २००५ चा ‘पसारा’ (PSARA) कायदा आहे, परवाना आहे, प्रशिक्षणाची अट आहे. कॅमेऱ्याच्या पलीकडे बसलेल्या सपोर्ट इंजिनिअरला मात्र आपण माणूस म्हणून मोजतच नाही. तो ‘सॉफ्टवेअर’मध्ये धरला जातो.

दुसरी खूण आतली होती. डिसेंबर २०२० मध्ये कंपनीच्या एका जुन्या सर्व्हरमधल्या त्रुटीतून कोणीतरी आत येऊन मिराई नावाचा घातक प्रोग्रॅम बसवून गेलं. एफटीसीच्या म्हणण्याप्रमाणे दोन आठवडे व्हर्काडाला कळलं नाही. ॲमेझॉनच्या क्लाउड सेवेने संशयास्पद हालचाल दाखवून दिली तेव्हा कळलं. मिराई हा काही साधासुधा किडा नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये त्याने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन वेबसाइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डिन या कंपनीवर हल्ला चढवला होता आणि अर्ध्या अमेरिकेचं ट्विटर, नेटफ्लिक्स ठप्प केलं होतं. तो नेमका कॅमेरेवाल्या कंपनीत सापडावा, हा योगायोग जरा बोचरा आहे.

हे मुद्दाम सांगतोय, कारण या प्रकरणावरून ‘बघा, क्लाउड वाईट, आपला डीव्हीआर बरा’ असं म्हणणारे लगेच उभे राहतात. तसं नाही. मिराईने धरलेले कॅमेरे जुन्याच पद्धतीचे होते. आणि आपल्या शेजारचं उदाहरण घ्यायचं तर फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूती रुग्णालयातलं महिलांच्या तपासणीचं चित्रण यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकलं जात असल्याचं उघड झालं. गुजरात पोलिसांनी धरलेल्यांत लातूर आणि सांगलीकडचे तरुणही होते. तिथे क्लाउडचा झगमगाट नव्हता. सोपा पासवर्ड आणि नको त्या खोलीत लावलेला कॅमेरा, एवढ्यावर काम झालं.

प्रश्न क्लाउड की कपाट हा नाही, तर तंत्रज्ञान बदललं तेव्हा चावी कुठे गेली, हा आहे. कपाटाची चावी सिक्युरिटी ऑफिसरच्या कमरेला होती. क्लाउडची चावी त्याने कधी पाहिलीही नाही.

एकाच पुरवठादाराचे कॅमेरे असूनही सगळ्यांचे हाल सारखे झाले नाहीत, आणि शिकण्यासारखं इथेच जास्त आहे. क्लाउडफ्लेअरने बातमी कळताच कॅमेरे बंद केले, ऑफिसच्या नेटवर्कवरून काढून टाकले आणि सविस्तर लिहून जाहीर केलं. त्यांचा मुद्दा असा: आमच्या ऑफिसात आहे म्हणून एखाद्या यंत्रावर आम्ही विश्वास ठेवत नाही. कॅमेरा फुटला तरी त्याच्यातून पुढे आमच्या कामाच्या यंत्रणांत जाता येत नाही, कारण तिथे प्रत्येक दाराला वेगळी ओळख द्यावी लागते. किल्ल्याची भिंत ओलांडली की आत सगळं मोकळं, ही जुनी रचना असती तर गोष्ट वेगळी झाली असती, हेही त्यांनी कबूल केलं. गडाला एकच दरवाजा ठेवून भागत नाही, हे आपल्याकडच्या कुठल्याही किल्ल्याचा नकाशा पाहिला तरी कळतं. एक दार पडलं तरी पुढच्या वळणावर दुसरं असतं. शिवाय त्यांचे कॅमेरे होते कुठे? दारावर आणि वाटांवर. फुटेज बाहेर गेलं तरी रिकामा कॉरिडॉर दिसला.

हॉस्पिटलचं तसं नाही. तिथे कॅमेरा जिथे होता, तिथे रुग्ण होता. कॅमेरा कुठे लावायचा हा निर्णय बसवण्याच्या दिवशी, शिडीवर चढलेल्या माणसाला ‘इथून जास्त एरिया कव्हर होतोय का बघ’ असं विचारत घेतला जातो. त्या क्षणी कोणी असं विचारत नाही की हे चित्र उद्या पेपरात आलं तर चालेल का.

टेस्लाची गंमत वेगळीच. शांघायच्या गोदामातलं म्हणून जे चित्रण फिरलं, ते आमच्या शांघायच्या कारखान्याचं नसून हेनान प्रांतातल्या एका पुरवठादाराच्या जागेतलं आहे, असं टेस्लाने सांगितलं. म्हणजे कॅमेरा दुसऱ्याच्या आवारात, चित्रण तिसऱ्याच्या सर्व्हरवर, आणि बातमीत नाव टेस्लाचं. कंत्राटदाराच्या आवारातल्या कॅमेऱ्याची जबाबदारी कोणाची, याचं उत्तर चाकण किंवा रांजणगावच्या किती कंपन्यांच्या फायलीत सापडेल?

सरकारी निकाल यायला साडेतीन वर्षं लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये एफटीसीने व्हर्काडाशी तडजोड जाहीर केली. तक्रारीत कमकुवत पासवर्ड, गिऱ्हाइकांची माहिती नीट कूटबद्ध न करणं, नेटवर्कवर पुरेसं नियंत्रण नसणं, आरोग्यविषयक गोपनीयतेचे नियम पाळतो असे फोल दावे, असं बरंच होतं. कंपनीला वीस वर्षांसाठी सुरक्षा कार्यक्रम चालवून तो बाहेरच्या तपासनीसाकडून तपासून घ्यायला सांगितलं. दंड २९.५ लाख डॉलर. पण हा दंड कॅमेऱ्यांसाठी नव्हता. तो होता नको असलेल्या जाहिरातींच्या ईमेलसाठी. तीन वर्षांत तीन कोटींहून जास्त ईमेल पाठवले आणि बंद करायची धड सोय दिली नाही म्हणून. रुग्ण, कैदी, शाळकरी मुलं दिसली त्याचा दंड शून्य, न मागितलेल्या मेलचा जवळपास तीस लाख डॉलर. कायद्याच्या हाताला जी फांदी लागते तीच तो ओढतो.

आणि गिऱ्हाइकं पळाली का? नाही. २०२२ मध्ये कंपनीची किंमत ३.२ अब्ज डॉलर धरली गेली, फेब्रुवारी २०२५ मध्ये ४.५ अब्ज. सोय इतकी मोठी आहे की लोक धोका पत्करतात. मी त्यांना मूर्ख म्हणणार नाही.

आपल्याकडे आता चित्र बदलतंय. एप्रिल २०२५ पासून भारतात विकायच्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या ठरावीक अटींवर प्रयोगशाळेत तपासून घ्यावं लागतं. सीईआरटी-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायचं आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतील. या कायद्यात कॅमेरेवाल्यांनी नीट वाचावं असं एक कलम आहे. माहिती ज्याच्यासाठी गोळा केली, जबाबदारी त्याची. काम दुसऱ्याकडे दिलं आणि करारात काहीही लिहिलं तरी. सुरक्षेची वाजवी काळजी घेतली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत. ‘ते व्हेंडर बघतो’ हे वाक्य आता महाग पडणार आहे.

मग सिक्युरिटी खात्याने करायचं काय? माझा अनुभव असा की नवीन यंत्रणा घेताना डेमोला आयटीवाले बसतात, खरेदीवाले बसतात, आणि सिक्युरिटी हेडला शेवटी विचारतात, ‘पिक्चर क्लिअर आहे ना?’ तो हो म्हणतो. आयटीला वाटतं कॅमेरा सिक्युरिटीचा, सिक्युरिटीला वाटतं नेटवर्क आयटीचं, आणि कॅमेरा मधल्या खड्ड्यात पडतो. खरं तर त्या खोलीत चाव्यांचा हिशेब ठेवायची सवय फक्त एकाच माणसाला असते, आणि त्यालाच मेगापिक्सेलबद्दल विचारलं जातं. त्याने विचारायला हवं की तुमच्या कंपनीतली कोणकोणती माणसं माझे कॅमेरे उघडू शकतात. मी परवानगी दिल्याशिवाय उघडू शकतात का. दिलेली परवानगी किती तासांनी आपोआप संपते. आणि रात्री अडीच वाजता गडबड लक्षात आली, तर हे कॅमेरे नेटवर्कवरून तोडायचा अधिकार नाइट शिफ्टच्या सुपरवायझरला आहे, की त्याने आधी तीन साहेबांना उठवायचं? शेवटच्या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी शांतता पसरते.

हल्ली कोणी नवीन यंत्रणेचं प्रेझेंटेशन घेऊन आलं, की मी चेहरा ओळखणं, लाल शर्ट शोधणं सगळं बघून घेतो, चहा होऊ देतो. मग सांगतो की तुमच्या सपोर्टवाल्यांनी गेल्या महिन्यात एखाद्या गिऱ्हाइकाचे कॅमेरे उघडले असतील, त्याची नोंद दाखवा. गिऱ्हाइकाचं नाव झाका हवं तर. पान उघडलं की नजर आधी कारणाच्या रकान्यावर जाते.